गाडी पायजे असन तं एक दाबा

दवाखान्याच्या फोनमध्ये भरलेला माहा आवाज मॅनेजरनं स्पीकरवर लावला. सगळ्या स्टाफसमोर. 'गाडी पायजे असन तं एक दाबा. डॉक्टरले भेटाचं असन तं दोन दाबा.' पुन्हा लावला. मंग माह्याकडं न पाहता बोलला, "हा दवाखाना आहे, उसाचा फड नाही. काढ ते."

हसले सगळे. नर्सा हसल्या, मेडिकलवाला हसला. झाडूवाली मावशी आमच्याच गावाकडची, तेही पदर तोंडाले लावून हसली. तिचं हसणं मले अजून लागते.

माय-बाप ऊस तोडाले जातात, हे मीच मुलाखतीत सांगितलं होतं. खरं सांगितलं, तं तेच तोंडावर मारलं.

वाशीमच्या या खाजगी दवाखान्यात मी रिसेप्शनवर लागली. मॅनेजर म्हणजे डॉक्टरसाहेबाचा मोठा भाऊ. फोनची नवी सिस्टीम आली तवा म्हणे, तूच सांभाळ. अकोल्याचा पोट्टा येऊन एका दुपारी शिकवून गेला. कोणत्या टेबलाचा नंबर कोणता, कोणी उचलला नाई तं फोन पुढं कुठं पाठवाचा, सुरवातीचा आवाज कसा भराचा. बाकी मी चुकत चुकत शिकली. डॉक्टरसाहेबाचे फोन एक्स-रेच्या खोलीत वाजवले. त्याले कोणी हसलं नाई. नवीन आहे, शिकून राह्यली, म्हणाले. हसले ते माह्या बोलण्याले.

मंग मॅनेजरच्या सुनेनं पुण्याहून आवाज पाठवला. गुळगुळीत. आधी इंग्रजी, मंग मराठी. 'रुग्णवाहिका सेवेसाठी कृपया तीन हा अंक निवडा.' तो सिस्टीममध्ये भरला कोणी? म्याच. मान खाली घालून. नोकरी होती ना बाप्पा.

आमची वस्ती जऊळक्याजवळ. एक दिवस वहिनीले कळा सुरू झाल्या, दादा बाहेरगावी. ड्युटीवर आमचे मोबाइल जमा राहतात, म्हणून मायनं दवाखान्यातच फोन लावला. दवाखान्याची गाडी दारातच उभी होती. मी टेबलापाशी बसून होती. मायनं ते इंग्रजी ऐकलं अन् फोन ठिऊन देल्ला. वहिनीले शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मधात बसवून आणलं. पोरगी रस्त्यातच झाली, गिट्टीच्या ढिगापाशी. दोघी वाचल्या, हे नशीब.

मी मायवर ओरडली, काहून ठेवला फोन? माय हळूच बोलली, "मोठ्या घरची बाई होती व. मले वाटलं, आपल्यासाठी नसन तो फोन."

हे ऐकल्यावर मले मायचा राग नाई आला. त्या सुनेचाही नाई. माहाच आला. ज्या बाईले भेऊन मायनं फोन ठेवला, ते बाई म्याच दारात बसवली होती. लाज वाटली. अशी लाज त्या दिवशी स्पीकरसमोरही नव्हती वाटली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेली अन् माहा आवाज परत भरला. तेच शब्द. एक अक्षर बदललं नाई. मॅनेजरनं बोलावलं, कोणाले विचारून केलं म्हणे. कोणालेच नाई, म्हटलं. आत्ताच्या आत्ता काढ, नाई तं उद्यापासून येऊ नको, म्हणे. तरी बोलली, "मी नाई काढत. पासवर्ड तुमच्यापाशी आहे. तुमी काढा, तुमच्या हातानं."

काढन तो. काढू दे. नोकरी गेली तं गेली, हे काम आता मले येते. दुसरीकडं करीन. पण जिथं करीन तिथं पहिला फोन माह्या मायले लावाले सांगीन. तिनं भेऊन ठेवला, तं तो आवाज तिथं राहणार नाई. मंग तो कोणाच्याही सुनेचा असो.