माताजींना कोपऱ्यात बसवलं तेव्हा

गुडगावच्या आमच्या ऑफिसात कुठलंही काम सुरू करण्याआधी एक चौकट आखतात. कामाशी संबंध असलेली सगळी माणसं तिच्या चार घरांत बसवायची. कोणाच्या हातात सत्ता, कोणाला किती रस, त्यावरून कोणाची मर्जी आधी राखायची ते ठरतं. हे माझ्याइतकं झकास कोणालाच जमत नाही, असं एक मत होतं. माझंच.

पानिपतच्या एका ब्लँकेटच्या कारखान्यासाठी आम्ही ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर केलं होतं. त्या आठवड्यात मालकांचा होकार आला नाही तर तुमची टीम मोडणार, असं साहेबांनी बजावलं होतं. मी मालकांना सगळ्यात वरच्या घरात बसवलं, त्यांच्या मुलाला शेजारी. मालकांच्या आई, म्हणजे माताजी, कारखान्यामागेच राहायच्या. त्यांना तळातला कोपरा. सत्ता नाही, रस नाही. दिसल्या की नमस्ते केलं, संपलं.

सॉफ्टवेअर दाखवून झालं, मालक खूश. तेवढ्यात माताजी दारात आल्या. "बेटा, खाना लग गया।"

"नहीं नहीं, खाकर आया हूँ।"

खरं तर सकाळपासून नुसत्या चहावर होतो. पण पहिल्या हाकेला पानावर बसायचं म्हणजे हावरटपणा, हे घरचे संस्कार! आपण नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, पुन्हा नको, मग "बरं, अगदी घासभर" म्हणत बसायचं आणि पोटभर जेवायचं. मी आग्रहाची वाट बघत उभा. माताजी "अच्छा" म्हणून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या मुलाचा फोन. "सर, दादी ने मना कर दिया।"

"सॉफ्टवेअर में क्या कमी है?"

"वो तो उन्होंने देखा ही नहीं। कहती हैं, जो घर का खाता नहीं, उससे रिश्ता कैसा! और पापा तो उनसे पूछे बिना चप्पल भी नहीं बदलते।"

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "एवढी चौकट आखलीस आणि त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा तेच कळलं नाही? आपल्या घरातलं तरी कळलंय ना?"

शनिवारी पुन्हा गेलो. उपाशीपोटी पानिपतावर जाणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे. या खेपेला मात्र हाक यायच्या आधीच मी हात धुऊन बसलो. माताजी स्वतः वाढत होत्या. ताटातला पराठा संपतोय असं दिसलं की दुसरा हजर, वर लोण्याचा गोळा. शेवटी मालकांकडे वळून म्हणाल्या, "करा लो इससे काम। भूखा था बेचारा, शरमाता था।"

मी मनातल्या मनात टीमला मिठी मारली.

"पर पोती की शादी के बाद। तब तक कारखाने में कुछ नया नहीं।"

नातीचं लग्न दोन महिन्यांनी होतं. हे परवडणार नाही असं सांगायला मी तोंड उघडलं, तर माताजींना वाटलं, अजून हवाय. तो पराठा चावत मी मान डोलावली. परतताना गाडीतूनच साहेबांना कळवलं, होकार मिळाला. कधीपासून, ते सोमवारी सांगतो म्हटलं. तोवर पोट तरी थोडं हलकं होईल.