एक इंच सैल

लाथ मारण्याआधी मास्तर डाव्या हातानं पँट वर ओढायचे. या सवयीला काकू जबाबदार होत्या आणि तसं त्या स्वतःच सांगायच्या.

काकूंचं काम शिवणाचं. शाळांचे गणवेश, दुकानांचे पडदे आणि नवऱ्याच्या कराटे क्लासचे पांढरे पोशाख. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तरांच्या पँटचं इलॅस्टिक त्यांनी एक इंच जास्त कापलं. लग्नानंतर पुरुष सुटतो, हा त्यांचा अंदाज. मास्तर काही सुटले नाहीत, आणि काकूंनीही मापाच्या वहीतला आकडा काही बदलला नाही. तीस वर्षं त्याच आकड्यानं पँटी शिवल्या गेल्या. मास्तर कुरकुरले नाहीत, नुसते ओढत राहिले. शिष्यांना वाटायचं, कमरेला हात लावणं हा त्या विद्येचाच भाग आहे. एका स्पर्धेत ओळीनं बारा जणांनी घट्ट बसलेल्या पँटी वर ओढल्या, तेव्हा पंच चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले होते.

मग एक गेम बनवणारी कंपनी मास्तरांना घेऊन गेली. अंगाला चिकटणारा काळा पोशाख, त्यावर पांढऱ्या गोळ्या, भोवती कॅमेरे. खेळातल्या गड्याला त्यांच्याच हालचाली द्यायच्या म्हणून चार दिवस मास्तर हवेला बदडत होते.

घरी येऊन म्हणाले, "अगं, त्या पोशाखात ओढायला काही नव्हतंच, तरी हात गेला."

"जाणारच. जित्याची खोड ती," काकू म्हणाल्या. "पुढच्या पँटला इंच कमी करते."

पुढची पँट झालीच नाही. थोड्याच महिन्यांनी मास्तर दुपारचा चहा पिता पिता गेले. जाताना कप बशीत नीट ठेवला होता. एवढा व्यवस्थित माणूस.

वर्षभरानं जाड्या सांगत आला. जाड्या म्हणजे मास्तरांचा जुना शिष्य, आता चाळिशीचा आणि नावाला पुरेपूर जागलेला. बाजारात त्यानं डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून खेळायच्या खेळांचं दुकान टाकलं होतं. "काकू, मास्तर आलेत दुकानात. चला."

काकू गेल्या. जाड्यानं चष्मा बांधला, दोन्ही हातांत यंत्राच्या मुठी दिल्या. समोर एक विशीतला गडी उभा. छातीवर वाघ, केस खांद्यापर्यंत.

"हे?" काकू म्हणाल्या. "अरे, यांच्या डोक्यावर लग्नातसुद्धा एवढे केस नव्हते."

तेवढ्यात त्या गड्याचा डावा हात कमरेकडे गेला. किंचित वर ओढल्यासारखं केलं, आणि काकूंना सणसणीत लाथ बसली. लागलं काहीच नाही, हातातल्या मुठी तेवढ्या थरथरल्या. काकू जागच्या जागी उभ्या.

"काकू, मारा ना!"

"गप रे. बघू दे."

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी त्या यायच्या आणि मार खाऊन जायच्या. "संसारात कधी आवाज चढवला नाही," त्या जाड्याला म्हणायच्या. "आता सगळी हौस फेडून घेतायत." आणि हसायच्या.

दुकानात खेळणाऱ्यांसाठी अभिप्रायाची वही होती. त्यातलं जाड्या कंपनीला कळवायचा. एका मंगळवारी काकूंनी ती सहज चाळली. 'खरंच अंगावर येतात, मी ओरडलो.' 'भिंत विसरलो, बोटं सुजली.' 'बायकोला आणलं, तिनं मला हरवलं, पुन्हा आणणार नाही.' आणि मग पानोपानी तेच: 'वाघवाला लाथेआधी कमरेला हात लावतो. आधीच कळतं. मजा जाते.' 'वाघवाल्याची पँट सुटते का? दुरुस्त करा.'

"हे काय रे?"

जाड्यानं मान खाली घातली. "सगळीकडून तक्रारी आल्यात, काकू. कंपनी काढून टाकायचं म्हणतेय."

"हात काढणार?"

"हात राहील. ते ओढणं जाईल."

काकूंनी पेन मागितलं. गिऱ्हाइकाची चिठ्ठी लिहावी तशा सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं: 'वाघवाल्याचा हात कमरेला जातो ती त्याची चूक नाही. कमरेचं माप एक इंच सैल आहे. दोष शिवणारणीचा आहे. त्यांना काही करू नये.'

जाड्यानं अक्षरन् अक्षर टाइप करून पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं. त्यानं ते वाचून दाखवायला नको होतं, पण काकू समोरच बसल्या होत्या.

"'अभिप्रायाबद्दल आभार. कमरेच्या दोषाबद्दलची आपली तक्रार नोंदवली आहे. अशा तक्रारींची संख्या पुरेशी झाल्यानं दुरुस्तीचं काम हाती घेत आहोत.'"

"माझीही तक्रारीतच धरली?"

"यंत्र वाचतं हो, काकू. दोष शब्द दिसला की टाकतं तिकडे."

काकूंनी मान हलवली. "मीच लिहिलं ना दोष म्हणून."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या तेव्हा जाड्या दारातच आडवा आला. "आज राहू द्या. मशीन जरा..."

"खोटं बोलताना तू लहानपणीही कान खाजवायचास. बांध चष्मा."

वाघवाला समोर आला. वाकून नमस्कार केला, पाय रोवले. काकूंचे डोळे त्याच्या डाव्या हाताकडे. हात छातीशी होता, छातीशीच राहिला. लाथ आली. मुठी थरथरल्या. गडी पुन्हा उभा राहिला, पुन्हा लाथ, अगदी बिनचूक. तिसऱ्या लाथेला काकूंनी पहिल्यांदाच हात पुढे केला, मारायला नाही, त्याच्या कमरेपाशी. हात हवेतून आरपार गेला.

"काकू?"

"बसली रे," चष्म्याआडून आवाज आला. "कंबर बरोबर बसली आता."

चष्मा काढून त्या आतला स्पंज रुमालानं पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या. बाहेर पुढचं गिऱ्हाईक थांबलं होतं.

जाड्यानं हळूच चष्मा त्यांच्या हातातून घेतला. "राहू द्या, काकू. मी पुसतो. घामानं सगळ्यांचाच ओला होतो."