अकरा महिन्यांचे दाजी

आमच्या दाजींइतकं तात्पुरतं कोणी जगलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि मी काही कमी माणसं पाहिलेली नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत गणिताचे मास्तर. सोमवारी पहाटे नाशिकच्या सिडकोतल्या भाड्याच्या घरातून निघायचं, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीपमध्ये अंग चोरून बसायचं, आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं, असा त्यांचा सोळा वर्षांचा क्रम. लग्नाच्या वेळी मध्यस्थाने अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, छातीठोक सांगितलं होतं, "नोकरी आज कच्ची हाय, पण सहा महिन्यांत पक्की झाली नाय तर मला विचारा." अण्णा पिंपळगावच्या बाजारात द्राक्षाच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारे, पण मुलगा शांत, निर्व्यसनी आणि गणितात हुशार, एवढ्यावर विरघळले. ते सहा महिने पुढे चालतच राहिले. मध्यस्थ मात्र पुन्हा कुठल्या लग्नात दिसला नाही. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात दाजी भेटायला गेले की अण्णा तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. "झालं का तुमचं?" एवढंच विचारायचे. दाजी मान खाली घालून म्हणायचे, "फाईल हलली आहे, अण्णा."

दाजींना दरवर्षी अकरा महिन्यांचा आदेश मिळायचा. आता भाड्याच्या घराचा करारही अकरा महिन्यांचाच असतो, हे सगळ्या भाडेकरूंना ठाऊक आहे. पण भाडेकरू ते विसरून राहतात. दाजी कधी विसरले नाहीत. त्यांच्या घरात सोळा वर्षांत भिंतीला एक खिळा लागला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, घड्याळ फ्रीजवर उताणं, देव एका खोक्यावर, आणि लग्नातला फोटो कपाटाच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. एका दिवाळीला मी हातोडी आणि मूठभर खिळे घेऊनच गेलो. म्हटलं, आज ताईचा फोटो लागल्याशिवाय मी फराळाला हात लावणार नाही. दाजींनी माझ्या हातातून हातोडी अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "मेहुणे, खिळा मारला की घर आपलं वाटायला लागतं. मग निघताना भिंतीपेक्षा आपल्यालाच जास्त लागतं." माझं डोकं फिरलं. अहो, हे काय संसारी माणसाचं बोलणं झालं? पण ताईने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि चकल्यांची ताटली पुढे सरकवली. मी फराळ केला.

बरं, स्वतःचं असं अधांतरी असताना हा माणूस दुसऱ्यांना कायम करून देण्यात पटाईत. शासनाचा कुठला निर्णय कोणत्या साली निघाला, त्यात कुठल्या परिच्छेदात काय म्हटलंय, हे दाजींना तोंडपाठ. आरतीला उभे असतानाही कोणी कानाशी विचारलं तर ते टाळ्या न थांबवता उत्तर देत. एका लग्नात पंगतीला बसले असताना शेजारच्या कंत्राटी नर्सबाईंनी आपलं रडगाणं सांगितलं, तर दाजींनी श्रीखंडाचा हात पुसून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला अर्जाचा मसुदा उतरवून दिला. त्या बाई वर्षभराने कायम झाल्या. पाणीपुरवठ्याचा एक रोजंदारीवरचा माणूस झाला, दोन शिपाई झाले, एक ग्रंथपाल झाला. प्रत्येक जण पेढे घेऊन यायचा, दाजींच्या पाया पडायचा आणि जाताना म्हणायचा, "आता तुमचंबी होईल, सर." ताई हसून पेढे फ्रीजमध्ये ठेवायची. मी एकदा रागाने तिला म्हटलं, "तुझ्या घरात दुसऱ्यांच्या नोकरीचा गोडवा फार झाला." ती म्हणाली, "खा की एक. लोकांचं झालं ते काय वाईट झालं का?"

आंदोलनातही दाजी आपल्या पद्धतीने सामील व्हायचे. नाशिकला तात्पुरत्या मास्तरांचा मांडव उभा राहिला की हे घरून सतरंजी, पाण्याची बाटली आणि सहावीच्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन पहिल्या रांगेत हजर. सगळे घोषणा देताहेत, आणि हे वह्या तपासताहेत. मूठ वर करायची वेळ आली की डावी करायचे, कारण उजव्या हातात लाल पेन. एक पुढारी बोलता बोलता थांबून म्हणाले, "सर, जरा जोर लावा." दाजी म्हणाले, "लावतो, ही एवढी बेरीज चुकलीय ती बघतो आधी." मांडवभर हशा पिकला. पुढाऱ्यालाही हसू आवरेना.

पण दाजींचा खरा नमुना बघायचा तर खंडाच्या दिवशी. अकरा महिन्यांचा आदेश संपला की मधे एक दिवस खंड पाडायचा, म्हणजे त्या दिवशी माणूस नोकरीतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश घेऊन जणू पहिल्यांदाच रुजू व्हायचं. उद्या कोणी सलग नोकरी दाखवून हक्क सांगू नये, यासाठी केलेली ही कारागिरी. हा दिवस दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकायचा, कधी जुलैत, कधी ऐन परीक्षेच्या तोंडावर. बाकीचे मास्तर त्या दिवशी घरी झोपा काढायचे, कोणी देवदर्शनाला जायचे. दाजींचं म्हणणं असं, की खंड मला आहे, पोरांना नाही. आदल्या रात्री ते रीतसर घरी यायचे आणि पहाटे ताईचा डबा घेऊन परत शाळेकडे निघायचे. मी एका वर्षी मुद्दाम रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. दाजींनी नेहमीची पँट न घालता लेंगा आणि सदरा घातला होता, कारण आज आपण मास्तर नाही. हजेरीपटाला हात लावला नाही, शाळेच्या फाटकाच्या आत पाऊलही टाकलं नाही. कुंपणाबाहेर एका मोहाच्या झाडाखाली बसले. थोड्या वेळाने सहावीचा वर्ग आपला आपण रांगेने बाहेर आला आणि त्यांच्यासमोर बसला. एका मुलीने विचारलं, "आज तुमी सर नाय, मंग तुमाला काय म्हनायचा?" दाजींनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "आज पाहुणा म्हण." मग पाहुण्याने दीड तास त्रैराशिक शिकवलं. शाळेचे मुख्याध्यापक, भले गृहस्थ, दोनदा व्हरांड्यात आले, झाडाकडे पाठ करून उभे राहिले आणि आत गेले. जेवणाच्या वेळी मला म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय हो माझा, लांबचं काही दिसत नाही." सुट्टीत खंड पडला की दाजींना त्या वर्षी काहीतरी हुकल्यासारखं वाटायचं.

आणि एके दिवशी खरंच निर्णय झाला. इतकी वर्षं सेवा झालेल्यांना कायम करायचं ठरलं, कागदपत्रं मागवली, यादीत दाजींचं नाव आलं. ताईने ती यादी मोबाइलवर मोठी करून करून पाहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. दाजींना मधे एकदा जीप उलटून लागलं होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून ती मला म्हणाली होती, "यांना काही झालं तर माझ्या हातात एक कागद नाही रे." तिला पेन्शन हवी होती, दुसरं काही नको होतं.

आता ज्याने दुसऱ्यांच्या इतक्या फायली तडीला नेल्या, त्याने स्वतःची फाईल कशी करावी? अहो, नजर लागावी अशी. प्रत्येक आदेशाची प्रत, प्रत्येक पानाला क्रमांक, वर अनुक्रमणिका. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. कोणी मागितल्या नसताना दाजींनी सोळा वर्षांच्या टाचणवह्या जोडल्या. रोज काय शिकवायचं ते मास्तर ज्या वहीत लिहितो ती वही. दाजींना वाटलं, आपण काम किती नेकीने केलं ते दिसेल. ते दिसलंच. कार्यालयातल्या तपासणी करणाऱ्या बाईंना वह्या चाळताना दिसलं, की सुट्टीत न पडलेल्या खंडाच्या तेरा दिवसांचंही टाचण लिहिलेलं आहे. तारीख, वर्ग, धडा, सगळं, आणि शेवटी 'शिकवून झाले' अशी दाजींची सही.

पंधरा दिवसांत त्रुटीचं पत्र आलं. आपण सेवेत नसताना शाळेत अध्यापन केल्याचे दिसून येते, तरी खुलासा करावा. मी दाजींना घेऊन कार्यालयात गेलो. बाई वयाने थोर होत्या, स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि हळू आवाजात समजावलं, "सर, तुम्ही शिकवलं म्हणालात तर मला विचारावं लागेल की कोणाच्या परवानगीने. तुमच्या मुख्याध्यापकांना नोटीस जाईल. ते निवृत्त झालेत ना? त्यांची पेन्शन अडकेल. तुमची फाईल वर मार्गदर्शनाला जाईल, ती कधी येईल ते मी सांगू शकत नाही. त्यापेक्षा लिहून द्या, की ते टाचण नजरचुकीने आगाऊ लिहिलं, त्या दिवसांत मी शाळेकडे गेलोच नव्हतो. मी आजच पुढे पाठवते." दाजी म्हणाले, "पण मी गेलो होतो." बाई म्हणाल्या, "मला पटतंय, सर. म्हणून तर सांगतेय."

दाजींनी एक दिवसाची मुदत मागितली. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच त्यांच्यावर उखडलो. म्हटलं, "दाजी, वह्या मागितल्या होत्या का कोणी? सोळा वर्षं तुम्ही जगाचे अर्ज लिहिलेत, नको तो कागद जोडू नका म्हणून लोकांना दम दिलात, आणि स्वतःच्या वेळी ही अक्कल? आणि आता चार ओळी लिहायला तुमचा हात का उचलत नाही?" माझ्या बोलण्याला ते कधीच उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे मला नंतर फार वाईट वाटतं.

घरी ताईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, पण तिने दाजींपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही गेला होता ते मला माहिती आहे. डबा मीच दिला होता. तेरा वेळा दिला. ते कागदावर नाही राहिलं तरी मी आहे ना." दाजींनी कोरा कागद मागितला. अर्ज लिहिताना त्यांचं अक्षर छापल्यासारखं येतं, कधी खाडाखोड नाही. त्या कागदाला त्यांनी तीन वेळा सुरुवात केली. 'सदर तेरा दिवसांत मी शाळेकडे गेलो नव्हतो व कोणतेही अध्यापन केले नाही.' खाली सही केली आणि पेन टोपण न लावताच बाजूला ठेवलं.

दोन महिन्यांनी आदेश आला. बाई शब्दाला जागल्या. या खेपेचे पेढे ताईने स्वतः विकत आणले आणि आळीत घरोघरी वाटले. मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांची नोटीस टळली हे त्यांना माहीत नव्हतं आणि दाजींनी ते कळूही दिलं नाही. नर्सबाई आल्या, शिपाई आले, सगळ्यांनी दाजींना हार घातले. दाजी हसत होते, सगळ्यांशी नीट बोलत होते. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं गॅलरीत चहा घेऊन बसलो. मी म्हटलं, "आता तरी खूश ना, दाजी?"

"खूश आहे की," ते म्हणाले. "तुमच्या ताईचं एकदाचं झालं, याचं फार बरं वाटतंय." मग कप खाली ठेवून म्हणाले, "मेहुणे, बाकीचे दिवस मी आदेशावर शाळेत गेलो. आदेश होता, पगार होता, गेलो. ते कोणीही जातं. ते तेरा दिवस मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो होतो. सोळा वर्षांतलं तेवढंच काय ते माझं होतं. आणि तेवढंच मी नव्हतो म्हणून लिहून दिलं."

अंबडच्या कारखान्यात मी दोन वर्षांत कायम झालो, आता वीस वर्षं होत आली, हजेरी पूर्ण आहे, एक दिवस कोणी नाकारू शकत नाही. त्यातला कोणी न बोलावता गेलो असा एखादा दिवस दाजींना सांगावा म्हणून मी बराच वेळ आठवत बसलो. मला एकही आठवला नाही.