सुभेदारांचे दहा शब्द

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी सहा आठवडे कुठंतरी काम करून यायची सक्ती होती. मला बँकेत जायचं होतं, पंख्याखाली. पदरात पडलं ते म्हाताऱ्या माणसांच्या राहणीमानाचं आणि स्मरणशक्तीचं सर्वेक्षण. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर टॅब्लेटची पिशवी आणि सांगली-सातारा जिल्ह्यांतली गावं. हे सर्वेक्षण मी शाळेत होते तेव्हापासून चालू होतं. दर चार वर्षांनी त्याच घरांत जायचं, त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची खडूनं मांडतात तसं, असं आमचे सर सांगायचे. मी मनात म्हणायचे, सर, पण पोरं वाढतात. इथं सत्तरी ओलांडलेल्या माणसांची उंची मांडायची होती.

सरांचा एक नियम फार कडक होता. उत्तर चूक असो की बरोबर, चेहरा कोरा ठेवायचा, शाबासकी द्यायची नाही. माझा चेहरा चहाडखोर आहे, पोटातलं सगळं बाहेर सांगतो. त्यामुळे पहिला आठवडाभर मी कोयनानगरच्या बाजूला लोकांच्या अंगणात दातदुखी झाल्यासारखी बसत होते.

दुसऱ्या आठवड्यात कुंडलला गेले. उसाला लागून असलेल्या घरात दोघंच म्हातारी माणसं. आजोबा फौजेतून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. मुलगा दूर दक्षिणेत गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात; विट्याकडची निम्मी माणसं याच धंद्यात. आजींनी दार उघडलं ते माझीच वाट बघत असल्यासारखं.

"आलासा? मला वाटलं इसरला आमास्नी. बस, च्या टाकते."

सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा.

"गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"विटा."

"मंग गलाईवाल्याची लेक असणार तू!" आणि खूश होऊन हसले.

जमीन किती, म्हशी किती, पाणी कुठलं, या सगळ्याची उत्तरं आजींनीच दिली. मधेच सुभेदार म्हणाले, "गाव कुठलं म्हणालीस?" मी विटा म्हटलं. ते तितकंच खूश होऊन हसले, तेच बोलले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आजींनी पटकन मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं.

"आता ते शब्दांचं इचारणार न्हवं?" त्या हळूच म्हणाल्या. "मागल्या टायमाला त्येंचं धा-तलं नऊ आलं हुतं. पोरगं म्हणतंय, आबांचं डोकं चालंना, गाव सोडा आन् हिकडं या. ह्येनी हितनं हललं तर जगायचं न्हाईत गं. यंदाबी नऊ आलं की पोराला सांगता येतंय, बघ, चाचणीत पास हायत म्हणून."

मागच्या खेपेला कुणीतरी निकाल सांगून टाकला होता, नियम मोडून. मला रागच आला त्या माणसाचा. आता हे ओझं माझ्या डोक्यावर.

शब्दांची चाचणी साधी असते. दहा शब्द एकदाच वाचून दाखवायचे, मग आठवतील तितके समोरच्यानं सांगायचे. प्रत्येक घरात ती एकाच माणसाची घेतात. या घरात पहिल्या खेपेलाच यंत्रानं सुभेदारांना निवडलं होतं, त्यामुळे दर वेळी तेच.

"आजी, मधे बोलायचं नाही हं. खूणसुद्धा करायची नाही."

"मी कशाला बोलू? त्येंचं त्येंनाच येतंय." असं म्हणून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या.

मी वाचलं. लिंबू, पलंग, डोंगर. एकेक शब्द सावकाश, दहापर्यंत. "आता सांगा, आजोबा."

सुभेदार उठून उभे राहिले. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

"आंबा. टोपी. नदी. खिडकी. गाढव."

मी टॅब्लेटवर बघितलं. माणूस जो शब्द बोलेल त्याच्यावर बोट ठेवायचं असतं. यांतला एकही शब्द तिथं नव्हता. मला वाटलं, आपणच चुकीचं पान उघडलंय.

"साखर. आरसा. दोरी. देऊळ. चिमणी. पूर्ण, मॅडम!"

मी उंबऱ्याकडे बघितलं. आजींचे ओठ त्यांच्या शब्दांबरोबर हलत होते, आणि चिमणीपाशी येऊन थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे मागच्या खेपेचे शब्द होते. दर वेळी यादी बदलते, हे आम्ही कुणाला सांगत नाही.

"किती आलं?" सुभेदार अजून उभेच होते.

"दहाच्या दहा, आजोबा."

सरांचा नियम गेला खड्ड्यात. सुभेदार प्रसन्नपणे बसले. टॅब्लेटवर शून्य होतं. ते मी बदललं नाही. दोन-चार शब्दांवर बोट ठेवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, माझा हात शिवशिवलासुद्धा. पण त्यानं सुभेदारांना काही आठवणार नव्हतं.

आजी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या.

"शब्द बदललं तुमी."

"यंत्र बदलतं, आजी. माझ्या हातात नसतं."

"रोज सकाळी धार काढताना शिकिवते त्यास्नी. त्येनी श्यान वडत्यात आन् म्हणत्यात. आदी दोन फेऱ्यांत यायचं. आता ऊन वर येतंय तरी चिमनी काय सापडत न्हाई. आज मातर समदं आलं बघ. आन् नेमकं आजच." त्यांनी पदर सारखा केला.

"आजोबांचा निकाल मी कुणाला सांगत नाही," मी म्हटलं. "तुमच्या मुलालाही नाही. खरंच."

"त्येला न्हाई कळायचा. मला कळला की."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला. शेणामातीचा, खरखरीत, आणि चांगलाच घट्ट हात. तो त्यांनी सोडवून घेतला आणि बोटं मोजत म्हणायला लागल्या.

"लिंबू. पलंग. डोंगर. घंटा. कोंबडी. काठी. मीठ. रस्ता. सूप. ढग. बराबर हाय का बघ. उद्याच्यानं हे सुरू करते."

टॅब्लेट उघडायची गरजच नव्हती. उंबऱ्यावरून एकदा कानावर पडलेली अख्खी यादी, ओळीनं, एकही शब्द न गाळता. इतक्या घरांत फिरले, असं कुणाचंच आलं नव्हतं. आणि या बाईचं नाव लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.

"दहाच्या दहा, आजी!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचे दहाच्या दहा आले!"

त्यांचा चेहरा जराही खुलला नाही. त्या घराकडे बघत होत्या, तिथं सुभेदार दारात येऊन मला हात करत होते.

"माझं कशाला आलं गं," त्या म्हणाल्या. "त्येंचं याया पायजे हुतं."