खडूचा विहार

अराबा आंटी कुठल्याही घरात शिरल्या की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघतात, मग घरच्यांना हॅलो म्हणतात. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी जिन्यावर बसतात. चहात कंडेन्स्ड मिल्क घालतात आणि चमचा चाटून ठेवतात. गाडी चालवताना वाद रंगला तर मुद्दा संपेपर्यंत चौकातल्या गोल राउंडअबाउटभोवतीच फिरत राहतात. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स शहरात राउंडअबाउटना तोटा नाही. त्यांच्या सगळ्या कोटांचे खिसे खडूने पांढरे झालेत.

साहित्याची पदवी घेऊन मी त्यांच्याकडे फोन घ्यायला लागले. ऑफिस म्हणजे ड्रायक्लीनरच्या वरची एक खोली. त्या घानाच्या, टाकोराडी बंदरातल्या. तिथल्याच कुमासी शहरातल्या कॉलेजात, आर्किटेक्चरच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "होम सायन्सचा वर्ग समोरच्या इमारतीत."

आंटी सांगतात, "मी म्हटलं, बघितली सर. दुपारचं ऊन थेट आत येतं. कुणी बांधली?"

ती सरांनीच बांधली होती. हे सांगताना आंटी इतक्या हसतात की पुढचं ऐकू येत नाही.

लंडनच्या एका मोठ्या फर्ममध्ये त्यांनी वीसेक वर्षं जिन्यांचे आणि स्वच्छतागृहांचे नकाशे काढले. इमारती उभ्या राहिल्या, नावं दुसऱ्यांची लागली. पुढे त्या स्वतंत्र झाल्या, पण कामं आली ती दुरुस्तीची. पायापासून स्वतःची म्हणावी अशी पहिली इमारत मिळण्याची वेळ आली ती साठीत. तो आमचा, इथल्या मराठी बौद्धांचा विहार.

विहार समितीचे अध्यक्ष हरिदासकाका यांना मात्र मोठी फर्म हवी होती. काम कुणाला द्यायचं, यावर रविवारी मतदान ठरलं.

आंटींनी नकाशा आणलाच नाही. विहाराच्या जागेवर जुना कार पार्क होता. तिथल्या डांबरावर त्यांनी खऱ्या मापाचा विहार खडूने काढला. भिंती, दारं, खिडक्या, सगळं. "आत फिरा, मग मत द्या," म्हणाल्या.

लोक खुशाल रेघा ओलांडू लागले.

"सर, तुम्ही भिंतीतून आलात," आंटी ओरडायच्या. माणसं ओशाळून मागे जायची, दारातून यायची.

मग सिंधुबाई आजी आल्या. खडूच्या दारापाशी थांबल्या आणि चपला काढल्या. त्यांच्यामागे सगळ्यांनी काढल्या. उघड्या डांबरावर, एका रेघेच्या अलीकडे, बुटांचा ढीग. मी बघतच राहिले.

हरिदासकाका उशिरा आले. आत शिरायला वाट नव्हती.

"जय भीम," ते म्हणाले. "मॅडम, चाळीस लोकांत दार बुजलं. चपलांचा विचार केलात का?"

मला वाटलं, गेलं काम.

आंटी ढिगाकडे बघत होत्या. मग मोठ्याने हसल्या. "नाही केला. ही माझी चूक. बरं झालं, विटा लावण्याआधी कळली." बुटाने त्यांनी एक रेघ पुसली, चार पावलं आत सरकून दुसरी ओढली. दारात ऐसपैस ओसरी झाली, बसायला लांब बाक झाला.

"अहो, ही माझी ऑफिसची खोली होती," काका म्हणाले.

"हरिदास, तू बाकावर बस की," सिंधुबाई म्हणाल्या. "येणारा-जाणारा तिथेच भेटेल."

लोक हसले. काकाही हसले. पायातले बूट काढून ते नव्या दारातून आत आले, आणि मतदानात सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर गेला.

गेल्या महिन्यात विहार उघडला. आंटी दिवसभर ओसरीत बसून लोकांना चपला काढताना बघत होत्या. लहान मुलीसारख्या खूश.

आता दाराशेजारी वास्तुकाराच्या नावाची पितळी पाटी लागायची आहे. काकांनी भिंतीला चार भोकंही पाडून ठेवलीत. नावाची अक्षरं आंटींनीच काढून द्यायची आहेत. मी रोज आठवण करते. काल अखेर कागद घेऊन बसल्या. पहिलं अक्षर काढलं, तेवढ्यात साउथहॅम्प्टनहून फोन आला. तिथे एक शाळा बांधायची आहे. आंटी खिशात खडू कोंबून निघून गेल्या.

कागद टेबलावरच आहे. त्यावर एकच अक्षर.