रेषेकाठची खुर्ची

महायुद्ध संपलं त्या हंगामात मी त्याला अकोल्याहून अमरावतीला आणला. माझ्या कापसाच्या जिनात नोकरी आणि आमच्या संघात उजव्या कडेनं फुटबॉल, असा सौदा. माझ्या प्रत्येक अटीला तो "बरं शेठजी" एवढंच म्हणाला. हुज्जत न घालणारा माणूस मला कधी कळलाच नाही.

माझी खुर्ची कडेच्या रेषेलाच असे. तो समोरून धावला की मी ओरडायचो, "जिनातबी असाच झोपून राहतं काय बे?" लगेच त्याच्या पायातला चेंडू सुटायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या, तो पलीकडच्या कडेला जायचा आणि तिथं कुणाला सापडत नसे. एकदा मध्यंतरात मी खुर्चीही पलीकडे नेली. सामना हरलो. दुसऱ्या दिवशी संघाचे बूट धुऊन, तेल लावून त्यानं माझ्या गादीपाशी ठेवले आणि तो अकोल्याला निघून गेला. बूट परत केले. खेळ तेवढा घेऊन गेला.

पुढच्या हंगामात तो अकोल्याकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला. माझ्या खुर्चीला घासूनच चेंडू नेला आणि गोल करवला. परतताना थांबला.

"आज काहून गप, शेठजी? वरडा ना. आता मी तुमचा नोकर नाई."

मध्यंतरात गडी खुर्ची पलीकडे न्यायला आला. मी उठलो नाही.