खिळा न ठोकता उभारलेली गुढी

अमेरिकेत, आमच्या नोव्हायला मार्च उजाडला तरी बर्फ उपसून कंबर मोडली, तेव्हा ठरवलं: २००६चा पाडवा इंग्लंडात, धाकट्या बहिणीकडे, मंजूकडे. नवऱ्याला रजा नव्हती. बरंच झालं!

लंडनला भाड्याची गाडी घेणार असाल तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा. डाव्या हाताने गिअर टाकताना माझी भंबेरी उडाली. शेवटचे चार मैल रस्ता इतका अरुंद, की समोर ट्रॅक्टर आला तर मागे आपणच जायचं. पबमध्ये दोननंतर जेवण मिळत नाही, मी वेफर्सवर भागवलं.

मंजूचं गाव म्हणजे तीस-चाळीस जुनी दगडी घरं. अगं बाई, काय देखणी! पण सगळं गाव संरक्षित. दाराचा रंग बदलायचा तरी आधी विचारायचं.

पाडव्याला मंजूने गुढी उभारली ती जिन्याखाली.

"अशी चोरून?"

"ताई, चार वर्षांनी आता कुठे लोक हाक मारून बोलायला लागलेत. कुणाच्या डोळ्यांवर नाही यायचं मला."

माझं डोकंच फिरलं. ती श्रीखंड घोटायला गेली, तशी मी गुढी आणि हातोडी-खिळा घेऊन वरच्या खिडकीत. चौकटीवर पहिला घाव घातला आणि खालून आवाज आला, "स्टॉप! प्लीज!"

शेजारचे जॉर्ज, ऐंशीच्या घरातले, गावच्या समितीवर असलेले. मंजू धावत आली, सॉरी सॉरी म्हणत रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार वर्षं जपलेलं मी एका खिळ्यात घालवलं होतं.

जॉर्जनी वर येऊन चौकटीवरून अंगठा फिरवला. "तीनशे वर्षांचं लाकूड आहे. नो नेल्स." मग गुढीकडे बघून विचारलं, हे काय?

"आमचं नवं वर्ष," मंजू म्हणाली. "सूर्यास्ताआधी उतरवतो."

ते निघून गेले. पाच मिनिटांनी दोरी घेऊन परत आले आणि खिडकीच्या मधल्या दगडी खांबाला काठी अशी बांधली, की वाऱ्यातही हलली नाही. श्रीखंड दोनदा घेतलं. जाताना मंजूला म्हणाले, "चार वर्षांत एकदा विचारायचं तरी!"

परतीच्या विमानात मला काही झोप लागेना. आमच्या कॉलनीचीही असोसिएशन आहे, तिचे नियम आहेत. बहिणीला शहाणपण शिकवणाऱ्या माझी गुढी नऊ वर्षं फॅमिली रूममध्ये, पडदा ओढून! आणि विचारलं होतं कुणाला? कुणालाच नाही.

पुढच्या पाडव्याला अजून अकरा महिने आहेत. तरी काल असोसिएशनचं काम बघणाऱ्या शेजारच्या डेब्राची बेल वाजवली आणि सगळं सांगून विचारून टाकलं, गुढी बाहेर उभारू का?

"शुअर," ती म्हणाली. "किती वाजता येऊ?"